माणसाचं पाणी, मोटारीचं पाणी

माझ्या उजव्या मनगटावर अधेलीच्या नाण्याएवढा एक पांढरा डाग आहे. लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेला माणूस त्याच्याकडे बघतो आणि हळूच विचारतो, "मिस्त्री, हे कोड तर नव्हे?" मी सांगतो, कोड नाही, रेडिएटर आहे. तापलेल्या मोटारीचं झाकण उघडू नका असं सगळ्या अमरावतीला सांगत फिरणाऱ्या माणसानं एकदा रागाच्या भरात ते स्वतःच उघडलं, त्याची ही खूण. तो राग भलत्याच माणसावर निघाला आणि त्याची रोजी गेली. हा लेख मागणाऱ्या संपादकांना खरं तर मी दुरुस्त केलेल्या बड्या लोकांच्या गाड्यांबद्दल हवं होतं. पण बड्यांच्या गाड्या नव्या असत, त्यांत सांगण्यासारखं काही बिघडत नसे. तेव्हा मी एका जुन्या लॉरीचीच गोष्ट लिहितो आहे.

काम मी अकोल्याला शिकलो, गनी उस्तादांकडे. मग अमरावतीला येऊन स्वतःचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार टिनपत्रे, एक खड्डा आणि वर कडुलिंब. ते मध्यप्रांत-वऱ्हाडाचे दिवस. कारभार नागपूरहून चाले आणि लढाई सुरू असल्यामुळे नवी मोटार सोडाच, पंख्याचा नवा पट्टासुद्धा दृष्टीस पडत नव्हता. त्यामुळे एरवी भंगारात गेली असती ती गाडी लोक माझ्याकडे आणत. तीन मालकांनी वापरून सोडलेली मोटार जो चौथा माणूस विकत घेतो, तो स्वभावानंच फार आशावादी असतो. अशा आशावादी माणसांवर माझं घर चाललं.

मोटार गरम होते म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंजिनाच्या पोटात पेट्रोल जळतं, तेव्हा ते तापणारच. म्हणून त्याच्या भिंती दुहेरी केलेल्या असतात आणि मधल्या पोकळीत पाणी खेळतं. तापलेलं पाणी वर चढतं, समोरच्या रेडिएटरात जातं, तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्यानं निवतं आणि खालून पुन्हा इंजिनात शिरतं. जुन्या गाड्यांत पाणी ढकलायला पंप नसे, ते आपलं आपणच फिरे. हा फेरा कुठं अडला, की गाडी उकळते. अडायच्या जागा मात्र दहा-बारा, आणि त्यातली नेमकी कुठली हे शोधणं म्हणजे आमचा धंदा.

गनी उस्तादांची पद्धत ठरलेली होती. पान्याला हात घालायच्या आधी गाडी बघायची, ऐकायची, हुंगायची आणि चाखायची. हो, चाखायची. तेल, पाणी, टोपणावरचा मळ, सगळं ते जिभेच्या टोकाला लावत, थुंकत आणि आजार सांगत. अकोल्यात मीही ते निमूटपणे केलं. अमरावतीत दुकान टाकल्यावर मात्र समोर पांढऱ्या धोतरातले वकील-डॉक्टर उभे असताना रेडिएटर चाटायची मला लाज वाटायला लागली, आणि ती सवय मी सोडून दिली. उस्तादांना हे कधी सांगितलं नाही.

सुरुवातीला अडलंही नाही. धामणगावच्या एका कापूस व्यापाऱ्याची मोटार दर हंगामात उकळायची. सरकी काढायच्या जिनातल्या उडत्या रुईनं रेडिएटरचं तोंड असं लिंपलं होतं, की मी ब्रशनं काढलेल्या कापसात एक उशी सहज भरली असती. आणि एका वकीलसाहेबांची गाडी दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटायला निघाली ती तिसऱ्या घरापाशी उकळली. साहेबांनी पूजा करून झेंडूचा जाडजूड हार समोर बांधला होता. तो अपुरा वाटला म्हणून बाईसाहेबांनी दुसरा, आणि सासूबाईंनी तिसरा. वारा शिरायला फट उरली नव्हती. मी हार काढले, गाडी थंड झाली. पण हार काढल्यानं मोटार बरी होते हे साहेबांना पटेना. शेवटी मी बॉनेट उघडून दहा मिनिटं आत उगाच पाना वाजवला, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

अशा सोप्या विजयांनी माणूस चढतो. मीही चढलो होतो, तेवढ्यात यादवरावांची लॉरी आली.

यादवराव हे बडनेऱ्याच्या रस्त्याला मळा असलेले माळी. तिघे भाऊ एकत्र. कोबी, वांगी, मेथी, मोसमात झेंडू, आणि जोडीला मोर्शीकडून आणलेली संत्री. हा माल ते दर्यापूरच्या बाजाराला नेत, कारण तिकडे पूर्णेच्या खोऱ्यात कापूस उत्तम होतो पण भाजी होत नाही. का होत नाही ते सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे. त्या पट्ट्यात विहिरींचं पाणी खारं. आता वाचणाऱ्यांच्या लक्षात पुढचं सगळं आलं असेल. माझ्या मात्र दोन महिने आलं नाही.

लॉरी चालवायचा नत्थूजी. पन्नाशीचा, सुकलेला, डोक्याला कायम लाल फडकं. पूर्वी तो यादवरावांच्याच बैलगाड्या हाकायचा. लॉरी आली तेव्हा तो ती शिकला, आणि बैलांशी बोलायचा तसा तिच्याशी बोलायला लागला. तिला तो बुढी म्हणायचा. चढावर तिला चुचकारायचा, उतारावर शाबासकी द्यायचा. आम्ही दुकानातली माणसं त्याला हसायचो.

पहिल्यांदा तो आला तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, बुढीले ताप येऊन राहिला. जातानी बरी असते, येतानी लय उकयते."

मी पंख्याचा पट्टा ताणला, रबरी नळ्या बदलल्या. आठवड्यानं तो परत आला. मी रेडिएटर उतरवून उलटा केला आणि उलट्या बाजूनं पाणी सोडून धुतला. गाळ निघाला, मला आनंद झाला, लॉरी गेली. पुढच्या आठवड्यात ती वाफेच्या ढगात बसूनच दुकानात शिरली. मागून यादवराव आणि त्यांचे दोघे भाऊ उतरले. परतीच्या वाटेवर चार तास खोळंबून आले होते. शिवाय त्याच वेळी दुसरे दोन लॉरीमालक माझ्याकडे आपापल्या कामासाठी बसलेले. त्यांच्यादेखत माझ्या हातची गाडी तिसऱ्यांदा उकळलेली. मी तणतणत गेलो आणि फडकंसुद्धा न घेता झाकण फिरवलं.

मनगटावर उकळतं पाणी घेतलेला माणूस विचार करत नाही. माझी नजर तेवढ्यात स्टिअरिंगच्या चाकावर गेली. त्या गाड्यांना चाकाशी एक छोटी दांडी असे, ठिणगी लवकर पाडायची की उशिरा हे तिच्यावर ठरे. हँडल मारून गाडी सुरू करताना दांडी मागे ठेवायची, नाहीतर हँडल उलटून हात मोडतो. गाडी चालू झाली की ती पुढे करायची. मागेच राहिली तर पेट्रोल उशिरा जळतं आणि इंजिन तापतं. आणि नत्थूजीच्या लॉरीची दांडी मागे होती.

"सापडलं," मी ओरडलो. "इंजिनात काही नाही यादवराव. तुमचा ड्रायव्हर दांडी मागे ठेवून गाडी हाकतो. हा माणूस ठेवाल तर इंजिन घालवून बसाल."

नत्थूजी शांतपणे म्हणाला, "दांडी मी आता मागं केली, बंद कराच्या वक्ताले. उद्या हँडल मारतानी कोनाचा हात मोडू नये म्हनून." मी बादलीकडे वळलो. तेव्हा तो जवळ आला. "मिस्त्री, एक डाव माह्यासंग गाडीवर चाला. मंग जे म्हनसान ते मले कबूल."

मी हात बादलीत बुडवून बसलो होतो. म्हणालो, "मला दुकान आहे. मी लॉरीत बसून भाजी विकत फिरत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं नसतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. तो चांगली सवय म्हणून दांडी मागे करत होता आणि मी तीच त्याच्या अंगावर फेकली. दुसऱ्या दिवशी यादवरावांनी त्याला काढलं. त्यांना दोष देत नाही. लढाईच्या दिवसांत इंजिन गेलं म्हणजे लॉरीच गेली, आणि मिस्त्रीच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. त्या दोन लॉरीमालकांनी ऐकलेलं गावभर झालं, आणि नत्थूजीला अमरावतीत कुणी गाडीला हात लावू देईना. गाडी हाकणं सोडलं तर त्याला दुसरं काही येत नव्हतं.

लॉरीवर नवा ड्रायव्हर आला. दांडी न विसरता पुढे करणारा, मीच शिकवून पाठवलेला. तीन आठवड्यांनी यादवराव दुकानात आले, कडुलिंबाखाली बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मिस्त्री, आता कोनाले काढू?"

ते रागावले असते तर मी चार शब्द बोललो असतो. ते रागावले नव्हते. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि कोबीच्या टोपल्यांना टेकून लॉरीत बसलो.

वलगाव गेलं, तरी काही झालं नाही. दर्यापूरच्या अलीकडे एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, आपल्या पाण्याची बदनामी केली म्हणून ते लोक माझ्यावर चिडतील. तिथं सगळ्या गाड्या एका निंबाखाली थांबत, कारण तिथं भागीरथाबाईची पाणपोई होती. म्हातारी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रांजणाशी बसलेली असे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत लोट्यानं पाणी ओती. माझ्याही ओतलं. गार, गोड पाणी.

"पाणी फार छान आहे हो बाई," मी म्हणालो.

"असन नाही तं काय," ती म्हणाली. "दोन कोसावून बैलगाडीनं येते. गाव सारं तेच पेते." मग तिनं आमच्या ड्रायव्हरला हाक मारली. "अरे, तुह्या मोटरले पाजलं का? ते पाय, बादली भरून ठेवली हाये."

बादली विहिरीच्या काठावर होती. "बाई, मोटारीला यातलं नाही?" मी रांजणाकडे बोट दाखवून विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की हा शहरातला माणूस शहाणा आहे की नाही. "हे मानसाचं पानी हाये बाप्पा. मोटरले इहिरीचं. लोखंडाले काय जीभ हाये?"

मी विहिरीपाशी गेलो, बादलीत बोट बुडवलं आणि कित्येक वर्षांनी उस्तादांचा शागीर्द झालो. एक थेंब जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकलो. नुसतं मीठ. मग रेडिएटरच्या टोपणाभोवती साचलेली पांढरी पपडी नखानं खरवडून चाखली. तीच चव. ही पपडी मी माझ्या दुकानात तीन वेळा पुसून टाकली होती.

गाडी खारं पाणी पिते, ते वाफ होऊन उडतं, खार आत राहतो. पुन्हा पाणी, पुन्हा खार. मी रेडिएटर धूत बसलो होतो आणि खार इंजिनाच्या भिंतीत बसला होता. सकाळच्या गारव्यात जाताना ते निभायचं, परतीच्या उन्हात नाही. ड्रायव्हर नवा आला तरी बादली तीच. आणि यात चूक म्हणावी तर कुणाची? नत्थूजीनंही तेच पाणी ओतलं होतं. जिथं माणसं मोजून पाणी पितात, तिथं मोटारीसाठी गोडं पाणी मागायचं नाही, एवढी त्याला समज होती. जिथं पाण्याची ओढ नाही अशा मुलखात कुणी ही चूक केली नसती.

परत आल्यावर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. पाण्याच्या वाटा भाकरीच्या पापुद्र्याएवढ्या थरानं माखल्या होत्या, काही भोकं तर बुजलीच होती. तारेनं खरवडलं तेवढं निघालं, बाकीचं हात पोचत नाही अशा जागी. दोन दिवस मी त्यात डोकं घालून होतो. शेवटी आमच्या घरातून सल्ला आला. बायको म्हणाली, "न्हाणीतल्या बंबाला आतून असंच धरतं, तेव्हा मी काय करते?" काय करते ते मला माहीत नव्हतं. ती चिंचेचं पाणी उकळून रात्रभर भरून ठेवायची. मी ओशाळून दोन पायली चिंच आणली. चार दिवस रोज कढत चिंचवणी भरलं आणि ओतलं, आणि शेवटी धुण्याच्या सोड्यानं सगळं धुऊन काढलं. पाचव्या दिवशी पाणी खालून वर आणि वरून खाली खळाळत फिरायला लागलं. दुकानभर आठवडाभर आमटीचा वास होता.

लॉरी बरी झाली. पण एक दुरुस्ती राहिली होती.

चौकशी केली तेव्हा कळलं, नत्थूजी अकोल्याला एका जिनात कापसाची बोचकी वाहतो आहे. मी बडनेऱ्याला आगगाडी पकडून अकोल्याला गेलो. जिनाच्या फाटकाशी तो दिसला, भुवयांवर रुई चिकटलेली, पाठीवर बोचकं. मी त्याला सगळं सांगितलं. विहीर, पपडी, पापुद्र्याएवढा थर. म्हटलं, चूक माझी होती, दांडीचा काही संबंध नव्हता.

त्यानं बोचकं उतरवलं. भुवयांवरची रुई पुसली. मग म्हणाला, "पानी तं मीच टाकत होतो ना मिस्त्री."

"टाकत होतास. पण ते मी ओळखायचं होतं. त्यासाठीच तर तू गाडी माझ्याकडे आणत होतास."

"हे तुमी मले सांगून राहिले," तो म्हणाला. "पन तवा पाच मानसं होते तिथं. त्यायले सांगान का?"

हे कठीण होतं, खोटं कशाला बोलू. मिस्त्रीचा धंदा शब्दावर चालतो. पाच मालकांसमोर आपलं निदान चुकलं म्हणायचं म्हणजे उद्यापासून त्यांनी प्रत्येक गोष्टीत 'नक्की ना?' विचारायचं. मी त्याला 'चल' म्हणालो खरा, पण परतीच्या आगगाडीत बडनेऱ्यापर्यंत मनाशी भांडत होतो. नत्थूजी समोरच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होता. 

दुसऱ्या दिवशी यादवरावांच्या ओट्यावर तिघे भाऊ आणि ते दोन्ही लॉरीमालक, असे पाचही जण मी बोलावून जमवले. आणि उभं राहून सांगितलं, की नत्थूजी बरोबर गाडी चालवत होता, मी बघितलं नाही, चाखलं नाही आणि त्याच्यावर आळ घेतला. एक लॉरीमालक हसला. दुसऱ्यानं लगेच विचारलं, मग माझ्या गाडीचं जे सांगितलं ते तरी खरं ना. मी म्हटलं, उद्या आणा, पुन्हा बघतो.

यादवराव नत्थूजीला म्हणाले, "मंग? येतं का बुढीवर?"

"येतो," नत्थूजी म्हणाला. "पन एक पिंप पायजे. जातानी इथून गोडं पानी नेईन."

यादवरावांच्या धाकट्या भावानं हिशेब केला, की पिंपाच्या जागेत कोबीच्या चार टोपल्या बसतात. मोटारीला फार तर दोन डबे पाणी लागेल, पिंप कशाला? नत्थूजी म्हणाला, "दोन डबे बुढीचे. बाकीचं भागीरथाबाईच्या रांजनात. तिनं बारा महिने आमाले पाजलं." यादवरावांनी भावाकडे बघितलं आणि चार टोपल्या कमी भरायला सांगितलं.

पुढच्या बाजाराला मीही निघालो. बोलावलं नव्हतं कुणी. दुकान बंद करून गाडीशी गेलो, तर नत्थूजीनं शेजारची जागा फडक्यानं झटकली आणि म्हणाला, "चाला." वाटभर तो बुढीशी बोलत होता आणि मी ऐकत होतो.

निंबाखाली लॉरी थांबली. नत्थूजीनं पिंपातून डबे भरभरून रांजणात ओतायला सुरुवात केली. भागीरथाबाई गोंधळली. "हे कोनाचं पानी आनलं रे?"

"मोटरचं," तो म्हणाला. "तिचं भागून उरलं."

म्हातारीनं बोट बुडवून चाखलं, माझ्यासारखंच. मग तिनं पहिला लोटा भरला, पण माझ्या ओंजळीकडे आणला नाही. उठली, कमरेवर हात ठेवत लॉरीपाशी गेली आणि बॉनेटवर चार थेंब शिंपडून परत आली. त्यानंतर आम्हाला पाजलं.

आम्ही विडी ओढून होईपर्यंत गाडी उभी होती. परत चढताना नत्थूजीनं माझं उजवं मनगट धरलं. जखम तेव्हा नुकतीच वाळली होती. मी हात मागे ओढला, पण त्यानं सोडला नाही. पंजा सरळ करून त्यानं तो रेडिएटरच्या झाकणावर ठेवला. पितळ कोमट होतं, हिवाळ्यात उन्हाला ठेवलेल्या घागरीसारखं. मी हात तिथंच राहू दिला.

"झालं," नत्थूजी म्हणाला. "मले येवढंच पायजे होतं. एक डाव संग चाला, म्हटलं होतं तुमाले."

मग त्यानं दांडी मागे आहे ना ते बघितलं, खाली उतरून हँडल मारलं, वर येऊन दांडी पुढे केली आणि माझ्याकडे न बघता बुढीला म्हणाला, "चाल वो माय, बाजार उठून जाईन."